सोरायसिस आणि सांधेदुखी : रक्तातले हार्मोन काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

सोरायसिसचे चट्टे असलेल्या माणसाची बोटं, टाच किंवा कंबर दुखायला लागली की बहुतेक वेळा पुढचा क्रम ठरलेला असतो. तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त दिलं जातं, आरए फॅक्टर निगेटिव्ह येतो, युरिक अ‍ॅसिड जरा वर असतं, बाकी सगळं 'नॉर्मल'. मग 'वात आहे' किंवा 'कामाचा ताण आहे' म्हणून दुखणं थांबवायच्या गोळ्या सुरू होतात आणि सहा महिने, वर्ष असंच निघून जातं. सोरायसिसमुळे होणाऱ्या संधिवातात नेमका हाच काळ महागात पडतो. लक्षणं सुरू झाल्यावर तज्ज्ञाकडे पोचायला सहा महिने उशीर झाला तरी पुढे सांध्यांची जास्त झीज आणि हालचालीत जास्त अडचण दिसते, असं आयर्लंडमधल्या रुग्णांच्या अभ्यासात आढळलं आहे.

अलीकडे लॅबच्या पॅकेजमध्ये हार्मोनच्या तपासण्याही दिसू लागल्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लेप्टिन वाढलं की सांधे जातात', 'थायरॉईडमुळेच सोरायसिस होतो' असे मेसेज फिरतात. यात तथ्य किती आहे, आणि पैसे कुठल्या तपासणीवर खर्च करावेत, हे समजून घेण्यासारखं आहे.

चामडीचा आजार सांध्यात कसा जातो

सोरायसिस हा संसर्गाचा आजार नाही. एका ताटात जेवल्यानं, कपडे वापरल्यानं, हात मिळवल्यानं तो होत नाही. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच कातडीवर चालून जाते, असा हा प्रकार आहे. एरवी कातडीची नवी पेशी तयार होऊन वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून लाल चट्ट्यावर चंदेरी पापुद्रे साचतात. गावात याला अनेकदा गजकर्ण किंवा इसब समजतात आणि मेडिकलमधून ट्यूब आणून लावतात.

हीच चिडलेली यंत्रणा काही जणांत सांध्यांवर, आणि स्नायूंचे दोर हाडाला जिथे चिकटतात त्या जागांवर हल्ला करते. त्याला सोरायटिक संधिवात म्हणतात. जगभरचे अभ्यास एकत्र पाहिले तर सोरायसिसच्या साधारण पाचपैकी एका रुग्णाला तो होतो. बहुतेकांत आधी कातडी बिघडते आणि काही वर्षांनी, अनेकदा दहाएक वर्षांनी, सांधे धरतात. थोड्या लोकांत उलटं होतं, सांधे आधी आणि चट्टे नंतर. चट्टे किती मोठे आहेत यावर सांध्यांचं दुखणं अवलंबून नसतं. कोपरावर रुपयाएवढा एकच डाग असलेल्या माणसाची बोटं वाकडी झालेली दिसतात, आणि अंगभर सोरायसिस असलेला माणूस आरामात नांगर धरतो.

मात्र डोक्यात, नखांत आणि कुल्ल्यांच्या खाचेत सोरायसिस असेल तर सांधे धरण्याचा धोका जास्त असतो. या तिन्ही जागा लपलेल्या आहेत. डोक्यातल्या चट्ट्यांना कोंडा समजलं जातं, नखांना बुरशी समजलं जातं, आणि तिसऱ्या जागेबद्दल कुणी डॉक्टरांना लाजेनं सांगत नाही.

हार्मोनचा संबंध आला कुठून

हार्मोन म्हणजे शरीरातल्या ग्रंथींनी रक्तात सोडलेले निरोप. पूर्वी चरबीला फक्त साठवणीचं गोदाम मानायचे. 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं लेप्टिनचा शोध लावला, आणि चरबीच्या पेशीसुद्धा हार्मोन बनवतात हे पक्कं झालं. लेप्टिन मेंदूला सांगतं की साठा पुरेसा आहे, आता खाणं आवर. पण ते रोगप्रतिकार पेशींनाही डिवचतं, आणि सूज आणणारी रसायनं वाढवतं. सोरायसिसमध्ये वजन वाढलेलं असण्याचं प्रमाण जास्त, आणि वजन जास्त असलेल्या सोरायसिस रुग्णांत सांधे धरण्याचं प्रमाणही जास्त. म्हणून संशोधकांनी लेप्टिन मोजायला सुरुवात केली.

सोरायसिसच्या रुग्णांत लेप्टिन सरासरीनं जास्त आढळतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं. काहींत सांधे सुजलेल्यांमध्ये ते आणखी जास्त निघालं. अडचण पुढे आहे. लेप्टिन चरबीतूनच येतं, त्यामुळे जाड माणसात ते जास्त असणारच. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त असणारच. समोरच्या रिपोर्टमधला वाढलेला आकडा वजनाचा आहे की सांध्याच्या सुजेचा, हे त्या कागदावरून वेगळं काढता येत नाही.

साखरेशी तुलना केली तर फरक कळतो. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी 6.5 किंवा त्याहून वर आली तर तो मधुमेह मानला जातो. जगभर हाच आकडा चालतो. 'लेप्टिन इतकं आलं म्हणजे सोरायटिक संधिवात' असा एकही आकडा कुठल्याही देशातल्या डॉक्टरांनी मान्य केलेला नाही. हजार लोकांची सरासरी काढायला ते उपयोगी आहे, एकट्या माणसाच्या निदानाला नाही.

चरबीतूनच येणारं दुसरं हार्मोन अ‍ॅडिपोनेक्टिन. ते लेप्टिनच्या उलट वागतं, वजन वाढलं की घटतं, आणि एरवी सूज शांत करायला मदत करतं. सांध्यांच्या आजारात मात्र काही अभ्यासांत ते कमी, काहींत जास्त निघालं. अशा तपासणीवर गावातल्या माणसानं पैसे घालवण्यात अर्थ नाही.

प्रोलॅक्टिन हे मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीतून येतं. बाळंतिणीला दूध येण्याशी त्याचा संबंध असला तरी ते पुरुषांतही असतं आणि रोगप्रतिकार पेशींवर काम करतं. सोरायसिसमध्ये ते काही अभ्यासांत वाढलेलं दिसलं, काहींत नाही. शिवाय ते ताणानं वाढतं, सुई टोचायच्या भीतीनंही थोडं वाढतं, आणि उलटीवरच्या डॉमपेरिडोनसारख्या साध्या गोळीनंही वाढतं. सांध्यांबद्दल ते फारसं काही सांगत नाही.

थायरॉईडची गोष्ट वेगळी. थायरॉईड कमी काम करत असेल तर अंग दुखतं, थकवा येतो, वजन वाढतं, सकाळी हातपाय जड वाटतात. म्हणजे सोरायसिसवाल्या बाईची अंगदुखी सांध्यांची नसून थायरॉईडची असू शकते, किंवा दोन्ही एकत्र असू शकतात. म्हणून टीएसएच ही तपासणी डॉक्टरांनी सांगितली तर ती जरूर करावी. थायरॉईडमुळे सोरायसिस होतो, हा मेसेज मात्र खोटा आहे.

ड जीवनसत्त्व शरीरात हार्मोनसारखंच काम करतं. त्याच्याच जातीचं कॅल्सिपोट्रिऑल नावाचं मलम सोरायसिसवर वापरतात. पण उन्हात राबणाऱ्या आपल्या देशातही ते बऱ्याच लोकांत कमी निघतं, सोरायसिस असो वा नसो. कमी आलं तर भरून काढावं. सांध्याची सूज ओळखायला ते कामाचं नाही.

कॉर्टिसॉल, आणि पुडीतलं औषध

हार्मोनच्या या सगळ्या यादीत गावासाठी सर्वात महत्त्वाचं कॉर्टिसॉल. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ते बनवतात. सूज आटोक्यात ठेवण्याचं काम शरीर त्याच्याकडून करून घेतं. पहाटे ते सर्वात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी. त्यामुळे रक्त कुठल्या वेळी घेतलं यावर आकडा बदलतो.

1949 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना याच जातीचं कॉर्टिसोन दिल्याचे निष्कर्ष जाहीर केले. अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली होती. पुढच्याच वर्षी हेंच यांना केंडॉल आणि राइखश्टाइन यांच्यासह नोबेल मिळालं. दुष्परिणाम लवकरच दिसू लागले, आणि जगभरच्या डॉक्टरांनी हे औषध मोजूनमापून वापरायला सुरुवात केली.

गावाकडे मात्र ते अजून बिनमापाचं चालतं. 'एका इंजेक्शनात सांधे मोकळे', बाजारात मिळणारी पांढरी पुडी, 'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकलेल्या बिनलेबलच्या गोळ्या यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉईड मिसळलेलं सापडण्याचे प्रकार देशात वारंवार झाले आहेत. दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक लागते, चेहरा भरतो, लोक म्हणतात औषध लागू पडलं. काही महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात.

सोरायसिसवाल्याला यात आणखी एक धोका आहे. स्टेरॉईडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन अचानक बंद झालं की दबलेला सोरायसिस दुप्पट जोरानं उसळू शकतो. अंगभर कातडी लालबुंद होते, किंवा सगळीकडे पूसारखे बारीक फोड येतात, ताप येतो. अशा रुग्णाला दवाखान्यात भरती करावं लागतं आणि जिवावरही बेतू शकतं. म्हणूनच सोरायसिसमध्ये पोटातून स्टेरॉईड द्यायला त्वचारोगतज्ज्ञ फार विचार करतात. तज्ज्ञानं सांगितलेलं स्टेरॉईडचं मलम किंवा एखाद्या सांध्यात नेमकं दिलेलं इंजेक्शन, हा वेगळा भाग आहे.

बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिलं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं कॉर्टिसॉल बनवायचं थांबवतात. त्यामुळे सकाळचं कॉर्टिसॉल फार कमी आलं तर डॉक्टर आधी विचारतात, कुठली पुडी, कुठलं इंजेक्शन घेत होता का. तिथे खरं सांगावं. आणि पुडी महिनोन्महिने घेतली असेल तर हे वाचून ती आज झटकन बंद करू नये. ग्रंथी झोपलेल्या असताना औषध तोडलं तर उलट्या, भोवळ, रक्तदाब घसरणं असं होऊ शकतं. ती पुडी किंवा रिकामं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावं, म्हणजे ते हळूहळू उतरवून देतात.

मग नेहमीच्या तपासण्यांचं काय

सीआरपी आणि ईएसआर या सूज मोजणाऱ्या तपासण्या आहेत, हार्मोन नाहीत. त्या स्वस्त आहेत आणि वाढल्या असतील तर उपचाराचा परिणाम पाहायला उपयोगी पडतात. पण सोरायटिक संधिवाताच्या जवळपास निम्म्या रुग्णांत त्या नॉर्मल येतात. नॉर्मल सीआरपीचा कागद दाखवून 'तुम्हाला काही नाही' म्हणणं चूक आहे.

आरए फॅक्टरची गंमत अशी की या आजारात तो बहुधा निगेटिव्हच असतो. 2006 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत तर आरए निगेटिव्ह असण्याला सोरायटिक संधिवाताच्या बाजूनं एक गुण मिळतो. बाकीचे गुण सोरायसिस असणं, नखांतले बदल, अख्खं बोट सुजणं आणि एक्सरेत सांध्याजवळ नवं हाड दिसणं याचे. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन खुश होणारा माणूस प्रत्यक्षात निदानाच्या एक पाऊल जवळ गेलेला असतो.

युरिक अ‍ॅसिड सोरायसिसमध्ये थोडं वाढलेलं असू शकतं, त्यामुळे कित्येकांवर आमटी-डाळ बंद करून वातरक्ताचे उपचार चालू राहतात. सुरुवातीचा एक्सरेही स्वच्छ येऊ शकतो.

शरीर स्वतः काय सांगतं

पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावी 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं होतं. त्यातलं बरंचसं कष्टाचं आणि झिजेचं. सुजेचा संधिवात अशा गर्दीत लपून राहतो, म्हणून तो वेगळा ओळखता आला पाहिजे.

कामानं दुखणारा सांधा संध्याकाळी दुखतो आणि रात्री विसावतो. सुजेचा सांधा सकाळी आखडलेला असतो. उठल्यावर अर्धा तास, कधी तासभर मूठ वळत नाही, चुलीवरचं भांडं धरवत नाही, गाईची धार काढता येत नाही. मग हालचाल सुरू झाली की सैल पडतो आणि बसून राहिलं की पुन्हा आखडतो. कंबरदुखी असेल तर पहाटे तीन-चारच्या सुमारास जाग आणते.

हाताचं किंवा पायाचं एखादं बोट मुळापासून नखापर्यंत शेंगेसारखं फुगणं ही या आजाराची मोठी खूण आहे. नखाजवळचा शेवटचा सांधा सुजतो. नखांवर शिंप्याच्या अंगुस्तान्यावर असतात तसे बारीक खड्डे पडतात, नख पुढून सुटतं, पिवळसर दिसतं. टाचेच्या मागे किंवा तळव्याखाली दुखतं, सकाळचं पहिलं पाऊल टेकवत नाही. सोरायसिस असलेल्या माणसात यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहू नये. घरात आई-वडील, भाऊ-बहीण यांना सोरायसिस असेल आणि आपल्याला ही लक्षणं असतील तरीही दाखवावं.

संधिवाततज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरांतच असतात. पहिली पायरी म्हणून जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला त्वचारोग किंवा मेडिसिन विभाग गाठावा.

उपचारातल्या दोन गोष्टी ज्यात चूक परवडत नाही

मेथोट्रेक्सेट हे या आजारात जास्त वापरलं जाणारं, तुलनेनं स्वस्त औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि मृत्यूही होऊ शकतो. त्यासोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिसायला अनेकदा तशीच पिवळी, लहान असते, त्यामुळे गोंधळ होतो. आठवडे बाजाराचा वार मेथोट्रेक्सेटसाठी ठरवून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला तर घरात कुणालाही कळतं. हे औषध चालू असताना दारू बंद ठेवावी लागते आणि रक्तपेशी व लिव्हरची तपासणी ठरलेल्या वेळी करावी लागते. या तपासण्या मात्र टाळायच्या नाहीत.

दुसरी गोष्ट बायकांची. गरोदरपणात हार्मोन बदलतात आणि साधारण निम्म्या बायकांचा सोरायसिस तेव्हा आपोआप शांत होतो. बाळंतपणानंतर तो पुन्हा उसळतो, सांधेही धरू शकतात. 'अंगावर पाजते म्हणून कंबर धरली' असं म्हणून सासूबाई-आई ते सोडून देतात. मेथोट्रेक्सेट गरोदर बाईला चालत नाही, गर्भाला व्यंग येऊ शकतं. म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यावं लागतं.

याहून महागडी इंजेक्शनं, उदाहरणार्थ अडालिमुमॅब, सूज आणणारं एकेक रसायन नेमकं अडवतात. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते, कारण शरीरात झोपलेला टीबी त्यानं जागा होऊ शकतो. वजन जास्त असलेल्यांनी इटलीतल्या एका अभ्यासाची नोंद घ्यावी : अशा औषधांबरोबर ज्यांनी वजन 5 टक्के किंवा अधिक उतरवलं त्यांचा आजार जास्त प्रमाणात आटोक्यात आला. 80 किलोच्या माणसाला 5 टक्के म्हणजे 4 किलो. चरबीचे हार्मोन लॅबमध्ये मोजण्यापेक्षा वजनकाट्यावर उभं राहणं स्वस्त पडतं.

सांध्याची सूज येते आणि जाते. तालुक्याला नंबर लागेपर्यंत बोट उतरलेलं असतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. म्हणून बोट सुजलेलं असेल त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढावा, दोन्ही हात शेजारी ठेवून, नखं दिसतील असा. नंतर डॉक्टरांना तो दाखवता येतो आणि तो कधी काढला ती तारीखही फोनमध्ये सापडते.